बत्तीस माणसं

धाकटीचं लग्न झालं, त्याच वर्षीची ही गोष्ट.

"अहो, मी कुठे बसू?" बसच्या पायरीवर उभी राहून बायकोने विचारलं.

"माझ्या जागेवर. मागच्या दारापाशी. मी दिवसभर उभाच असतो."

सत्तावीस वर्षं तो पर्यटकांना हे शहर दाखवत होता. किनारा, दीपगृह, मत्स्यालय, शेवटी बोटीची फेरी. बायकोने यातलं काही पाहिलं नव्हतं. आधी मुली लहान, मग सासू अंथरुणाला खिळलेली. गच्चीवर कपडे वाळत घालताना समुद्राची एक निळी पट्टी दिसे, तेवढीच. आता घर रिकामं झालं, तेव्हा ती पहिल्यांदाच म्हणाली, "मलाही न्या की एकदा."

"वहिनी, आज याची परीक्षा घ्या," ड्रायव्हर म्हणाला. "रोज त्याच थापा मारतो."

"मला पाठ आहेत. आधी माझ्यावरच मारून बघतात."

बसमधली माणसं हसली. त्यालाही बरं वाटलं.

दीपगृहापाशी अर्धा तास थांबा होता. निघताना त्याने मागच्या दाराकडे पाठ करून नेहमीसारखी माणसं मोजली. तिकिटं बत्तीस, डोकी बत्तीस.

"चला," तो म्हणाला.

मत्स्यालय आलं. पाणी प्यायला तो मागे वळला, तर जागेवर नुसती तिची पिशवी.

ड्रायव्हर उठून आला. "फिरवू का मागे? तासभर जाईल."

"आमची बोट चुकेल हो," पुढून एक बाई म्हणाल्या.

तो पिशवीकडे बघत राहिला. "नको," म्हणाला, "ती कुठे जात नाही."

आत त्याने मासे दाखवले. ठरलेल्या जागी ठरलेले विनोद केले. लोक हसले.

दिवस कलताना मिळेल त्या गाडीने तो दीपगृहाशी पोचला. फाटक बंद झालं होतं. बाहेरच्या बाकावर ती चपला काढून बसली होती.

"घाबरलीस?"

"नाही. एवढा मोठा असतो, माहीत नव्हतं," समुद्राकडे बघत ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "निघताना मोजलं नव्हतं का?"

"मोजलं होतं."

"मग?"

"बरोबर भरली."

ती वाकून चपला घालू लागली.

"पुढच्या रविवारी बोटीत नेतो," वाटेत तो म्हणाला.

"बघू," ती म्हणाली.

त्यानंतर पुष्कळ रविवार आले. तिने विषय काढला नाही, त्यानेही नाही.

पुढच्या वर्षी, धाकटीला मुलगा होण्याआधी अठरा दिवस, एका मंगळवारी सकाळी ती वारली.