उलटा वारा

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या करंटकाकांच्या हाताखालून गेलेली गाडी पुन्हा कुरकुरत नाही असं लोक म्हणायचे, आणि काका स्वतः ते लोकांपेक्षा दुप्पट म्हणायचे. त्यामुळे सुनेच्या गाडीला त्यांनी भंगारातला चांगला रेडिएटरचा पंखा शोधून बसवला आणि तरीही गाडी तापायला लागली, तेव्हा दोष कुणाचा हे त्यांच्या मते उघडच होतं.

"सारखा क्लचवर पाय," ते जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले. "गाडी नाही, कुकर चालवते."

सून घरोघरी जाऊन आजाऱ्यांकडून व्यायाम करून घ्यायची. गाडी नसेल तर काम नाही, इतकं सरळ होतं ते. "बाबा, इंजिन चालू असताना गाडीपुढे उभी राहिले, तर जाळीतून गरम वारा पायांवर आला," ती म्हणाली.

"थंडीत उपयोगी पडेल की." मुलगा हसला. वडिलांच्या विनोदांना हसायची त्याला लहानपणापासून सवय होती.

आज भर चौकात बॉनेटमधून वाफ आली. मागच्यांनी हॉर्न वाजवून तिचा जीव नकोसा केला. गाडी दोरीने ओढत घरी आली. सुनेने किल्ली खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "माझ्याच्यानं नाही होणार. उद्या काम सोडते."

काका कपाळाला आठ्या घालून खाली गेले. इंजिन गार झाल्यावरच त्यांनी रेडिएटरचं झाकण उघडलं, पाणी भरलं. फ्यूज शाबूत, रिले ठीक, अर्थिंगची तार घट्ट. त्यांनी गाडी चालू केली. काटा चढला, पंखा फिरला. आणि म्हणे गरम वारा! बोट दाखवायलाही जागा नव्हती.

जाळीवरची धूळ पुसायला त्यांनी फडकं पुढे धरलं. पंखा हवा आत ओढतो. फडकं जाळीला चिकटायला हवं. ते उडून त्यांच्याच तोंडावर आलं.

पुन्हा धरलं. पुन्हा तेच.

पंख्याला दोन तारा होत्या, एक काळी, एक निळी. काळी म्हणजे अर्थिंगची, निगेटिव्ह, हे काकांचं जन्माचं गणित. या पंख्याचं नेमकं उलटं होतं आणि त्यांनी तपासलं नव्हतं. तपासायचं ते इतरांनी! पंखा उलटा फिरत होता आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशीच भांडत होता. पोरीने जे सांगितलं, ते शब्द न् शब्द खरं होतं. कुकर हा आपलाच शब्द आठवला आणि काकांचे कान तापले. इतकी लाज त्यांना शिकाऊ असतानाही वाटली नव्हती.

बॅटरीची निगेटिव्ह काढायची, दोन तारा बदलायच्या, पुन्हा जोडायचं. काकांनी केलं. फडकं जाळीला घट्ट चिकटलं. कुणाला काही कळायचं कारण नव्हतं.

"जरा कॉन्टॅक्ट सैल होता," वर येऊन ते म्हणाले. "झालं काम."

सुनेने मान हलवली. "तुम्ही होतात म्हणून, बाबा. मला मुळात चालवताच येत नाही नीट. मी कामावर कळवते." तिने फोन उचलला.

"फोन ठेव," काका म्हणाले. "पाच मिनिटांनी खाली या. दोघंही."

ते पुढे गेले, बॅटरी सोडवली आणि तारा होत्या तशा चुकीच्या लावल्या. दोघं आल्यावर गाडी चालू केली. पंखा लागताच त्यांनी फडकं सुनेच्या हातात दिलं. "हात आत घालू नको. जाळीपुढे नुसतं धर."

फडकं उडून तिच्या तोंडावर आलं.

"गरम वारा," ती हळूच म्हणाली.

"मी लावलेला. तारा उलट्या जोडल्या मी. तू सांगितलंस, तर तुझी थट्टा केली. आणि मघाशी वर येऊन खोटंही बोललो."

मुलगा सवयीने हसायला गेला.

"हस," काका म्हणाले. "तेव्हा चुकीच्या माणसाला हसला होतास."

कुणीच हसलं नाही. काकांनी गाडी बंद केली, बॅटरीची तार काढली आणि पक्कड सुनेपुढे धरली. "तारा तू बदल." तिने पक्कड घेतली, पण त्यांच्याकडे पाहिलं नाही.