भिंतीवरचे आकडे

“आणि परत कसं यायचं?” मी विचारलं.

विक्रेत्याने लॅपटॉप थेट गाडीच्या बॉनेटवर ठेवला होता, खाली साधं फडकंही न घालता. तेवढ्यावरच मी त्याला निम्मा नापास करून टाकला होता. तो हसला. म्हणाला, “परत कशाला यायचं, साहेब? गिऱ्हाइकाला ताकद पाहिजे, आपण द्यायची. दहा मिनिटांत गाडी बाहेर.”

माझा धाकटा भाऊ त्याच्या शेजारी उभा राहून मान डोलवत होता. गॅरेज आम्हा दोघांचं. मी इंजिनं बघतो, तो गिऱ्हाइकं बघतो, आणि गेली काही वर्षं आम्ही एकमेकांकडे मात्र फारसं बघत नाही.

हल्लीच्या गाड्यांचं इंजिन स्क्रू पिळून जुळवता येत नाही. इंजिनाशेजारी हाताच्या पंजाएवढा एक डबा असतो, तोच गाडीचा कॉम्प्युटर. डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, सगळं तो ठरवतो. गाडीची चाल बदलायची तर लॅपटॉप जोडून त्या डब्यातली फाइल बदलावी लागते. त्याच कामाचं सॉफ्टवेअर आम्ही निवडत होतो. चौकात काचेच्या दरवाजाचं एक नवं दुकान झालं होतं, तिथे ह्या कामासाठी गाड्यांची रांग लागायची, आणि ती रांग धाकट्याच्या डोळ्यांत सलत होती.

तीन जण दाखवून गेले. पहिल्याने खिशातून पेनड्राइव्ह काढला. माल सरळसरळ चोरीचा होता. त्याला आम्ही दोघांनीही चहा पाजून वाटेला लावलं. एवढी अक्कल दोघांत मिळून शिल्लक होती. तिसऱ्या एक इंजिनियरबाई होत्या, चष्मा कपाळावर ढकलून काम करणाऱ्या. त्यांचं सॉफ्टवेअर आधी त्या डब्यातली खरी फाइल अक्षर न् अक्षर वाचून घ्यायचं, जपून ठेवायचं, आणि मगच बदलाला हात लावू द्यायचं. नुसत्या वाचनाला तीन तास. परत कसं यायचं हे मी विचारायच्या आतच त्यांनी सांगितलं. धाकट्याने तीन तासांतल्या पहिल्या वीस मिनिटांत चार जांभया दिल्या.

आणि दुसरा हा, दहा मिनिटंवाला. त्याच्या पडद्यावर चाळीस सेकंदांत हिरवी अक्षरं उमटली, ‘मूळ फाइल जतन झाली.’ चाळीस सेकंदांत कुठून जतन झाली, म्हणून मी खोदून खोदून विचारलं. शेवटी कबूल झाला. डबा वाचलेलाच नव्हता. गाडीचं मॉडेल बघून कंपनीच्या साठ्यातून तसल्याच दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची फाइल आणली होती. सारखीच असते हो, म्हणाला. एका आईची दोन पोरं सारखी नसतात. पुरावा म्हणून आम्ही त्याच्यासमोर उभेच होतो.

परत कसं यायचं हे मी आजचं विचारत नाही. कार्बोरेटरच्या दिवसांत स्क्रूला हात लावण्याआधी मी तो पूर्ण आत बसेपर्यंत पिळायचो, फेरे मोजायचो आणि आकडा मागच्या भिंतीवर लिहायचो. आपलं काम फसलं तर गाडी निदान आली होती तशी तरी परत गेली पाहिजे. खडूचं लिहिलेलं तेलकट हातांनी पुसून जायचं, म्हणून टोच्याने कोरायला लागलो. गाडीचा नंबर, आकडा, आणि शेवटी काम करणाऱ्याची खूण. पुढे नव्या गाड्या आल्या, तरी सवय गेली नाही. कॉम्प्युटरचा नंबर, डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचे प्रत्येकी वेगळे नंबर, सगळं भिंतीवर. एकतीस वर्षांची भिंत. धाकटा तिला दादाची गुहा म्हणायचा. म्हणो बापडा.

त्याच आठवड्यात मुलगी बाळंत झाली. मी तिच्याकडे जाऊन येईपर्यंत काही ठरवायचं नाही, असं ठरलं. चार दिवस नातीला मांडीवर घेऊन बसलो. पाचव्या दिवशी दुपारी परतलो तो बॅग हातात घेऊन सरळ गॅरेजवर.

मागची भिंत राखाडी झाली होती. गुळगुळीत, चकचकीत राखाडी. मधोमध चिकटवलेलं एक भलंमोठं चित्र, काटा शेवटाला टेकलेल्या मीटरचं. आणि चित्राखालच्या बाकावर व्हॅनवाली बाई बसली होती.

ही बाई आठवड्यातून तीनदा सहा पेशंटांना रक्त शुद्ध करायच्या मशीनवर नेते आणि आणते. नवरा मशीनवर होता तेव्हा तिने ती व्हॅन घेतली. नवरा गेला, व्हॅन चालू राहिली. तीन वर्षांपूर्वी तिचे चारही इंजेक्टर मीच बदलले होते. आता व्हॅन दोरीने ओढून आणून दारात उभी होती.

“मिस्त्री,” बाई म्हणाली, “तुम्ही हात लावलात म्हणून मी गाडी दिली. चढावर बंद पडली. भर उन्हात दीड तास. दोघांची मशीनची पाळी गेली. त्यातल्या मास्तरांचे पाय एवढे सुजलेत.” तिने दोन्ही हातांनी दाखवलं केवढे ते.

मी कुठे हात लावला, म्हणालो. तिने पर्समधून कामाचं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. चढाला ओढ कमी, ताकद वाढवली. तारीख परवाची. काम करणारा ह्या रकान्यात माझं नाव, धाकट्याच्या अक्षरात. त्या वेळी मी दीडशे किलोमीटरवर नातीची लंगोटी बदलत होतो.

मला राग आला असं म्हणणं फारच सभ्यपणाचं होईल. माझे कान तापले, आणि जवळच्या टेबलावर पाना होता तो मी मुद्दाम लांब सरकवून ठेवला.

धाकटा ऑफिसातून बाहेर आला. मी बाईसमोरच विचारलं, माझं नाव का घातलंस.

“नाही तर तिनं गाडी दिली नसती,” तो म्हणाला. “लोक तुझ्या नावावर गाडी ठेवून जातात, दादा. माझ्या नावावर पावती घेतात फक्त. वीस वर्षं झाली.”

हे खरं होतं. खरं होतं म्हणून माझा राग तसूभरही कमी झाला नाही. उलट, एवढं कळतंय तर त्या नावाची माती का केलीस, म्हणून आणखी भडकला. भिंत कोणाला विचारून रंगवलीस, म्हणालो. तो म्हणाला, गिऱ्हाइकाला ओरखडे दाखवायचे का. मग मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. बाईने ऐकून घेतलं आणि आमचं संपल्यावर एवढंच म्हणाली, “उद्या सकाळी सात वाजता माझी माणसं दारात उभी राहतील. त्यांना काय सांगू?”

धाकट्याने मी नसताना दहा मिनिटंवाल्याचंच सॉफ्टवेअर घेतलं होतं, आणि ताकद त्या परक्या फाइलवरच वाढवली होती. गाडी बंद पडल्यावर परत यायचाही प्रयत्न केला होता, हे त्याने मान खाली घालून सांगितलं. मूळ फाइल म्हणून जी जतन झाली होती ती घातली. ती अर्थातच दुसऱ्याच कुठल्या व्हॅनची. इंजिन दोन आचके देऊन बंद. त्या घालण्या-काढण्यात डब्यातला जुना नंबर आणि इंजेक्टरचे नंबरही पुसले गेले होते. विक्रेता फोन उचलत नव्हता. शोरूमवाले म्हणाले, डबाच बदला, पंधरा दिवस लागतील. डब्यावरची नंबराची चिठ्ठी पाण्याने कधीच धुऊन गेली होती, आणि इंजेक्टरच्या डोक्यावरचे नंबर गंजून गेले होते.

मी इंजिनियरबाईंना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं. जुना नंबर मिळाला तर त्याच नंबरची फाइल मिळवता येईल, त्यात इंजेक्टरचे नंबर भरले की गाडी पूर्वीसारखी होईल, म्हणाल्या. “नंबर आहेत का पण तुमच्याकडे?”

“आहेत,” मी म्हणालो. “रंगाखाली.”

शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे आत अंधार झाला. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला तर रंगाखालचे ओरखडे सावली धरतात. बाईने न सांगता टॉर्च हातात घेतला. मी ते मीटरचं चित्र एका ओढीत फाडलं. तेवढं सुख मला मिळालंच पाहिजे होतं. मग गॅस्केट खरवडायची पट्टी घेऊन कॉम्प्रेसरच्या उजव्या अंगाला सुरुवात केली, कारण तीन वर्षांपूर्वी मी तिथे लिहीत होतो एवढं आठवत होतं. नेमकी जागा आठवत नव्हती. रंग ताजा होता, सोलून निघत होता. ट्रक निघाला, टॅक्सी निघाली, एका डॉक्टरची जुनी मोटार निघाली. धाकटा शटरजवळ उभा होता. मी त्याला ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

खरवडता खरवडता पट्टी भलतीकडे, जुन्या कोपऱ्यात गेली. तिथे एक आकडा निघाला तो माझ्या हातचा नव्हता. अक्षर कारकुनी, रेघेवर बसवल्यासारखं. ‘अडीच फेरे. दोनदा मोजले.’ आणि खाली धाकट्याची खूण.

त्याचं विम्याचं ऑफिस बंद पडलं आणि तो माझ्याकडे आला, त्या पहिल्या आठवड्यातलं ते होतं. मी एकदा मोज म्हणालो होतो. त्याने दोनदा मोजले, आणि तसं लिहूनही ठेवलं. माझा हात थांबला. बाईने टॉर्च तसाच धरून ठेवला होता. मी पट्टी उचलली आणि दुसरीकडे खरवडायला लागलो.

पाऊण तासाने व्हॅनचा नंबर निघाला, त्याखाली डब्याचा आणि चारही इंजेक्टरचे. मी एकेक आकडा वाचत गेलो, बाईने तो त्याच कार्डाच्या पाठीमागे लिहून घेतला. नंतर तिने सगळं परत वाचून दाखवलं. इंजिनियरबाई लॅपटॉप घेऊन आल्या, बॉनेटवर आधी फडकं अंथरलं. संध्याकाळी सहाच्या आत व्हॅन सुरू झाली. बाई एकटीच चढापर्यंत जाऊन आली, खिडकीतून म्हणाली, “ठीक आहे. पूर्वीसारखी आहे.” ताकद वाढलेली नव्हती. तिने तो विषय काढला नाही, आणि धाकट्याकडे न बघता निघून गेली. दोघांची गेलेली पाळी मात्र कुठल्याच फाइलने परत येणार नव्हती. ते माझ्या डोक्यात होतं आणि आजही आहे.

इंजिनियरबाईंचं सॉफ्टवेअर घ्यायचं, हे मी धाकट्याला सांगितलं. विचारलं नाही. तो बरं म्हणाला आणि झाडू घेऊन खाली पडलेला रंग गोळा करायला लागला.

मी पेटीतून टोच्या काढला. भिंतीवर जिथे अजून राखाडी रंग होता तिथे व्हॅनचा नंबर कोरला, आजची तारीख कोरली, खाली लिहिलं, ‘दुसऱ्या गाडीची फाइल घातली. पेशंट दीड तास उन्हात.’ खुणेची जागा मोकळी सोडली आणि टोच्या त्याच्यापुढे धरला.

“काम तू केलंस,” मी म्हणालो. “खूण घाल.”

त्याने झाडू भिंतीला टेकवला. टोच्या घेतला. मग वाकून खूण काढू लागला, हलकी, नुसती रंगावरून जाणारी.

“खोल दाब,” मी म्हणालो. “रंग मारला तरी दिसली पाहिजे.”

त्याने दाबलं.