नाटकातून वगळलेली बाई

नीताचं डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं तेव्हा मी टेबलाशी पुठ्ठ्याची तलवार रंगवत बसले होते, रविवारच्या नाटकासाठी. अभयने बायकोचे केस सोडले नाहीत. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा दाराला रक्त लागलं. मग तो अगदी नेहमीच्या आवाजात मला म्हणाला, "अरुणाताई, तुम्ही आत जा." आणि मी गेले. सांगायला लाज वाटते, पण गेले.

सिंगापूरमधल्या, हौगांगच्या त्या फ्लॅटमध्ये मी दोन वर्षं एक खोली घेऊन राहत होते. अभय ज्या नर्सिंग होमचा मॅनेजर, तिथेच मी नर्स. ठाण्याहून मला आणलं त्यानेच, माझा इथे काम करायचा पास वाढायचा त्याच्याच सहीने, आणि त्या पासवर माझ्या लेकीचं, स्मिताचं, पुण्यातलं इंजिनिअरिंग चाललं होतं. बाहेर बोलायला देवमाणूस. माझ्या गुडघ्यांसाठी आठवणीने तेल आणायचा.

आम्ही ठाण्याचे ख्रिस्ती. आमच्याच ठाण्यात १३२१ साली तोमासो नावाच्या म्हाताऱ्या इटालियन संन्याशाचं मुंडकं उडवलं, त्याच्या तीन सोबत्यांनाही मारलं. इथल्या चर्चमधल्या मुलांकडून दर एप्रिलमध्ये मी ते नाटक बसवून घ्यायचे. उन्हात बांधून ठेवणं, आग, शेवटी तलवार. मान टाकून पडायला कार्टी एका पायावर तयार! सुरुवात मात्र मी कापायचे. हे चौघे ज्या घरी उतरले होते, तिथल्या नवऱ्याने बायकोला बेदम मारलं. ती काझीकडे गेली. त्याने पुरावा मागितला, तर म्हणाली, घरात साधू आहेत, त्यांनी पाहिलंय. त्यांना साक्षीला बोलावलं, तिथे बोलणं धर्मावर गेलं आणि सगळे जिवानिशी गेले. पोरांसमोर नवरा-बायकोची मारामारी कशाला, म्हणून त्या बाईलाच मी वगळायचे. तिचं पुढे काय झालं, ते माझ्या तरी कुठे वाचनात नाही.

बाहेर काहीतरी फुटलं. नीता ओरडली आणि मग तिचा आवाज एकदम बंद झाला. शेजाऱ्यांनीच फोन केला असावा, कारण थोड्या वेळाने बेल वाजली; मी माझं दार उघडलं तेव्हा फ्लॅटच्या दारात दोन पोलीस उभे होते.

"पाय घसरला हिचा," अभय त्यांना इंग्रजीत सांगत होता. "फरशी ओली होती."

नीता भिंतीला टेकून बसली होती. एक मनगट भलतंच वळलेलं, ओठ फाटलेला. तिने माझ्या दाराकडे बोट दाखवलं. "त्या घरातच होत्या. त्यांना विचारा."

पोलीस माझ्याकडे वळला. "आँटी, तुम्ही काही पाहिलं?"

अभय मराठीत, हसून म्हणाला, "ताई, स्मिताचं शेवटचं वर्ष ना? तेवढं लक्षात ठेवा, आणि मग काय ते सांगा."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्या तोमासोचा रागच आला. ना मूल ना बाळ, त्याचं काय जात होतं मुंडकं द्यायला! मी नीताकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. बोट दाखवून मोकळी झाली होती बिचारी. माझ्याकडून काही होईल अशी आशा तिला नव्हती. दोन वर्षं मी दार लावून घेत आले होते, तिने तरी ती का धरावी? ते मला फार लागलं.

"पाहिलं," मी म्हणाले. "केस धरून दोनदा आपटलं. दिवाळीतही हिची बरगडी यानेच मोडली होती."

अभयचा हात कधी उठला ते कळलंच नाही. चष्मा उडाला, तोंडात रक्ताची चव आली. पोलिसांनी त्याला फरशीवर पालथा पाडला, पाठीवर गुडघा दाबून बेड्या घातल्या. तो माझ्या आईपासून सगळ्यांचा उद्धार करत होता.

जामिनावर सुटल्यावर त्याने पहिली सही केली ती माझा पास रद्द करायच्या कागदावर.

ठाण्याला परत जायच्या दिवशी सकाळी माझं सामान आवरायला नीता आली. हात प्लास्टरमध्ये, डोळ्याखाली अजून हिरवट डाग.

"स्मिताला काय सांगितलंत?"

"जे झालं ते."

"काय म्हणाली?"

"'तुला काय गरज होती मधे पडायची,' म्हणाली. मग फोन ठेवला."

पलंगावरचा माझा पांढरा गणवेश नीताने उचलला आणि एका हाताने घडी घालायला लागली. घडी सरकत होती. मी दुसऱ्या बाजूने बाही धरली.