उरलेली उद्या

माझ्याकडे पाहिलंत की तुम्हाला आधी किसणी आठवेल. अंगभर बारीक खड्डे, प्रत्येक खड्ड्याभोवती काळपट कडं. पण मित्रांनो, मी किसणी नाही. मी तांब्याची एक जुनी पट्टी आहे, तळहाताएवढी लांब आणि दोन बोटं रुंद. हे खड्डे प्रकाशाने पाडले आहेत. प्रकाश कुणाला लागतो का, असं विचाराल, तर मला लागला आहे.

एका प्रयोगशाळेच्या वर्कशॉपमध्ये मला मोठ्या तुकड्यापासून करवतीने कापलं. कानशीने माझ्या कडा घासल्या आणि मला पॉलिशच्या खोलीत पाठवून दिलं. ती खोली लहान होती. एक टेबल, एक शिकंजा, एक नळ, आणि खिडकीजवळ एक बाई. तिने हात लावलेली पट्टी आरशासारखी होऊनच बाहेर पडायची, म्हणून सगळे तिला आरसेबाई म्हणत.

आधी जाड पॉलिशपेपर, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक. रोज थोडं थोडं. मला सुरुवातीला तिचा राग यायचा. घासायचं किती! शेवटचा हात ती लेप लावलेल्या ओल्या कापडाने द्यायची, आणि तोही अर्ध्या-अर्ध्याने. पट्टीचं एक टोक शिकंज्यात धरायचं, मोकळा अर्धा भाग चमकवायचा, मग पट्टी फिरवून दुसरा अर्धा. झालं की ती पट्टीवर तोंडाने वाफ सोडायची. वाफ सगळीकडून एकसारखी उडाली तर काम पास. कुठे रेंगाळली तर पुन्हा घासायला सुरुवात.

तिचा नवरा त्याच इमारतीत, पलीकडच्या खोलीत होता. त्याला सगळे काका म्हणत. बायकोने चमकवलेली पट्टी तो एका जाड पोलादी डब्यात बसवायचा, पंपाने डब्यातली हवा काढायचा आणि बटण दाबायचा. मग काचेच्या खिडकीतून लेझरचा एक झटका आत यायचा. हा झटका इतका थोडा वेळ टिकतो की धातूच्या अणूंना जागचं हलायलाही सवड मिळत नाही. ते जागेवर असतानाच त्यांचे इलेक्ट्रॉन ओरबाडून काढले जातात. त्या ठिपक्यातलं तांबं मग घन राहत नाही, द्रव नाही, साधा वायूही नाही. त्याला प्लाझ्मा म्हणतात. तो सूर्याच्या पृष्ठभागाहूनही कितीतरी तापलेला असतो, त्यातून एक्स-रे बाहेर पडतात, आणि पुढच्याच क्षणी तो फुटून उडून जातो. मागे खड्डा राहतो. त्या खड्ड्यावर पुन्हा मारून उपयोग नसतो, म्हणून पट्टी जराशी सरकवायची आणि नव्या, गुळगुळीत जागेवर मारायचं. अख्खी पट्टी भरेपर्यंत हेच.

या नवराबायकोवरून तिथे कायम थट्टा चालायची. निकालांचे आलेख काढणारा एक जण होता, त्याला आलेखवाला म्हणत. तो म्हणायचा, "वहिनी, तुमचा संसार म्हणजे कमाल आहे. बायकोने आरसा करायचा आणि नवऱ्याने त्याची चाळण!"

"घरीही तेच चालतं," आरसेबाई म्हणायची. "मी घर आवरते, हे पसरतात."

जेवणाच्या सुट्टीत नवरा तिच्या खोलीत येऊन बसायचा. एकदा त्याने बाहीने माझ्यावरची धूळ झटकायला हात पुढे केला, तर ती त्याच्या हातावर फटका मारून म्हणाली, "अहो, कोरडं कापड लावू नका! कसं पुसतात ते शिकून घ्या कधीतरी."

"तू आहेस ना," तो म्हणाला आणि जेवणाचा डबा उघडायला लागला.

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा.

माझा एक अर्धा भाग आरसा झाला त्या दिवशी तिला धाप लागत होती. तिने माझ्यावर वाफ सोडली तीसुद्धा दोन दमांत. वाफ सारखी उडाली. तिने स्वतःचा चेहरा माझ्यात पाहिला, केस मागे सारले, आणि मला फिरवायला म्हणून शिकंजा सैल केला. मग दारात उभ्या असलेल्या नवऱ्याला म्हणाली, "उरलेली उद्या करते. आज छातीत कसंतरी होतंय."

"बरं," तो म्हणाला. "मला अजून पंप बंद करायचाय. तू हो पुढे."

ती पुढे झाली. बसथांब्यावरच कोसळली आणि गेली. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कुणी आलं नाही. त्यानंतर जे आले ते तिचं सामान न्यायला आले, आणि मी टेबलावर पडलेली दिसले म्हणून मला पोलादी डब्याच्या खोलीत नेऊन ठेवलं. अर्धी आरसा, अर्धी ओरखड्यांची.

नवरा कामावर परत आला तेव्हा प्रयोगाच्या प्रमुख मॅडमनी मला उचलून पाहिलं. "हीच बसवा, काका. आधी त्या खरखरीत बाजूवर मारून लेझर जुळवून घेऊ. ती बाजू तशीही वायाच गेलीय."

काकांनी मला डब्यात बसवलं. पंप घरघरला. पहिला झटका माझ्या ओरखड्यांवर बसला, आणि एक्स-रे मोजणाऱ्या यंत्राचा आकडा वर गेला तो खाली यायला तयार होईना. आलेखवाल्याला वाटलं, यंत्र बिघडलं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. मग आरशाच्या बाजूवर एक झटका मारून पाहिला. आकडा नेहमीसारखा, खाली.

कारण अगदी साधं निघालं. आरसा बराचसा प्रकाश परतवून लावतो. ओरखडे तो धरून ठेवतात, म्हणून तिथला प्लाझ्मा जास्त तापतो. त्या लोकांना एक्स-रेच हवे होते. ते वर्षानुवर्षं मिळत होते त्याच्या कितीतरी पट मिळू शकले असते. फक्त घासायचं थांबवायला हवं होतं.

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "म्हणजे इतकी वर्षं आपण एक्स-रे पुसून टाकत होतो!"

"वहिनींनी अर्धी सोडली हे उपकारच झाले म्हणायचे," आलेखवाला हसत म्हणाला. खोलीतले सगळे हसले. मग कुणाचं तरी काकांकडे लक्ष गेलं आणि हसणं थांबलं. पण आनंद काही थांबला नाही. चहा आला. काकांच्याही हातात कप दिला, आणि त्यांनी तो प्यायला.

त्याच दिवशी ठरलं की यापुढे पट्ट्या पॉलिश करायच्या नाहीत. पॉलिशच्या खोलीत जुने पंखे ठेवायला लागले.

"आता आरशाची बाजूही पूर्ण मारा," मॅडम म्हणाल्या. "दोन्हीकडे सारखेच झटके हवेत. नाहीतर तुलना कोण मान्य करणार?"

काका डब्याच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले. "मॅडम, तेवढा भाग राहू दिला तर? दुसरी पट्टी घेऊ."

"दुसरी कशी चालेल? एकाच पट्टीच्या दोन बाजू आहेत, म्हणून तर हिला किंमत आहे. का हो, काय झालं?"

"तिचा शेवटचा हात आहे त्याच्यावर."

मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्या म्हणाल्या, "समजतं मला. मारून झालं की पट्टी घरी घेऊन जा. उरेल ते तुमचं."

बटण काकांनाच दाबायचं होतं. त्यांनी ते दाबलं. एक झटका, एक खड्डा, जरा सरकवायचं, पुन्हा झटका. पडद्यावर माझा आरसा मोठा होऊन दिसत होता आणि एकेक रांग काळी पडत होती. त्यांनी मान फिरवली नाही. हळू चाललंय म्हणून आलेखवाल्याने दोनदा हटकलं. शेवटी मला डब्यात धरून ठेवणाऱ्या पकडीलगत नखाएवढी चकचकीत जागा उरली. तिथे मारलं असतं तर पकडीलाच लागलं असतं, म्हणून ती वाचली. माझ्यावर दया करून कुणी ती सोडली नव्हती.

काकांनी मला रुमालात गुंडाळून घरी नेलं. खिडकीपाशी उजेडात धरलं. त्या नखाएवढ्या जागेत त्यांना काय पाहायचं होतं, मला माहीत आहे. पण खड्ड्यांतून उडालेल्या तांब्याची धूळ तिच्यावर बसली होती. काही दिसेना. त्यांनी बायकोसारखी तोंडाने वाफ सोडली. ती डागाडागाने उडाली. मग त्यांनी सदऱ्याचं टोक धरलं आणि मला पुसलं. कोरडंच.

खड्ड्यांच्या कडांवरचे तांब्याचे कण सुटले आणि कापडाखालून फिरले. ओरखडे दिसले म्हणून त्यांनी आणखी जोराने पुसलं. आणखी दिसले. थांबले तेव्हा ती जागा माझ्या दुसऱ्या अर्ध्या भागासारखी झाली होती.

त्यांची मुलगी मागे येऊन उभी होती. "बाबा, कोरड्याने पुसायचं नसतं ते. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस एकदाच, एकाच दिशेने ओढायचा. आई सांगायची ना?"

"मला कुठे सांगितलं?"

"तुम्हालाच तर सांगायची. मी फक्त ऐकायचे."

काकांनी मला फळीवर पालथं घातलं. मी अजून तशीच आहे. घरी कुणी आलं की मुलगी मला उचलून दाखवते, आणि काका उठून आतल्या खोलीत जातात.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, असं सांगून मी तुमचा निरोप घेतला असता. पण मला जपलं गेलं नाही याचं मला एवढं काही वाटत नाही. मी खड्डे पडण्यासाठीच झाले होते. मी एवढंच म्हणेन की तुमच्या घरात एखादं काम एकाच माणसाला येत असेल, तर आज जेवण झाल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि ते कसं करतात ते विचारून घ्या. "उद्या सांगते" म्हणाली, तर हट्ट करा.