ओठातली टाचणी

गल्लीत तिला सगळे कातरबाई म्हणायचे. शिवणकाम करायची म्हणून नव्हे, जिभेमुळे. गिऱ्हाईक माप देऊन उठेपर्यंत त्याच्या घरातल्या चार गोष्टी तिने काढून घेतलेल्या असायच्या. पण तिचा खालचा जबडा पुढे आलेला, दाताला दात लागायचा नाही, घास चावता चावता जीव मेटाकुटीला यायचा. शेवटी मनाचा हिय्या करून तिने ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरबाईंनी हाड कापून मागे सरकवलं, पट्ट्या आणि स्क्रू लावून बसवलं आणि वरचे-खालचे दात बारीक रबरांनी एकमेकांना बांधून टाकले. "कातर म्यानात गेली एकदाची," नवरा म्हणाला.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं होतं. सूज उतरली, दातांच्या फटीतून ती थोडंफार बोलायलाही लागली. आणि एके दिवशी डावा गाल पुन्हा टम्म फुगला. हाडाशी पू झाला होता. इंजेक्शनं सुरू झाली, रबरं काढायचं लांबणीवर पडलं. खालचा ओठ तर पहिल्यापासून बधिर. तो आपला आहे हेच तिला कळायचं नाही. दिवसभर आरशासमोर बसून ती गाल चाचपायची. हाड सरकलं असेल तर? पुन्हा कापावं लागलं तर? बरी होते, कुठून ही अवदसा आठवली मला!

डोकं फुटायची वेळ आली तेव्हा ती सरळ आपल्या शिवणाच्या दुकानात जाऊन बसली. तिच्याबरोबर दुकान चालवणारी नणंद मशीनवरून ओरडली, "वहिनी, अजून आराम करायचाय ना तुला?" तिने ऐकलं नाही.

एक गिऱ्हाईक बाई कोट घालून बघायला आल्या होत्या. बाही लांब होत होती. हात कामाला लागले आणि सवयीने चार टाचण्या ओठांत गेल्या. वीस वर्षं ती तशाच धरत आली होती. ती बाही दुमडत होती, तेवढ्यात बाई दचकून म्हणाल्या, "अहो, तुमच्या हनुवटीवरून रक्त ओघळतंय!"

तिला काहीच जाणवलं नव्हतं. तिने तळहात पुढे धरला. त्यात तीन टाचण्या पडल्या. चौथी नव्हती.

बाहीला लावली होती का? नाही. नणंदेने जमिनीवरून लोहचुंबक फिरवला, तर त्याला टाचण्यांची दाढीच लटकली. त्यातली तिची कुठली, कोण सांगणार?

तिच्या तोंडात लाळ जमली आणि ती जागच्या जागी गोठली. गिळली तर? टाचणी फटीतून आत गेली असेल, घशाच्या तोंडाशी आडवी असेल. तिने मान खाली घातली, तोंडाशी टॉवेल धरला आणि लाळ तशीच गळू दिली.

रबरं कापायची छोटी कात्री तिच्या गळ्यात होती. उलटी झाली, श्वास अडला, तर लगेच तोंड उघडता यावं म्हणून डॉक्टरांनी दिलेली. नणंदेने ती हातात घेतली. "कापू?"

तिने नणंदेचं मनगट घट्ट धरलं. कापलं आणि जबडा सरकला तर इतके दिवस सोसलेलं पाण्यात. न कापावं तर टाचणी.

"श्वास येतोय ना? मग चल," नणंद म्हणाली. दुकान गिऱ्हाईक बाईंवर सोडून दोघी टॅक्सीत बसल्या. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ती टॉवेल तोंडाशी आणखी घट्ट दाबत होती. तिने एकदाही गिळलं नाही.

एक्स-रेत टाचणी दिसली. घशात नव्हती, गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खाचेत होती. डॉक्टरबाईंनी चिमट्याने ती हळूच काढली. मग रबरं सोडली. "थोडं उघडा... आता मिटा."

ती मिटेना. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड तसंच किंचित उघडं. मिटल्यावर दाताला दात लागले नाहीत तर? डॉक्टर थांबल्या. नणंदेने पाठीवर हात ठेवला. शेवटी तिने दात मिटले.

डावीकडे बारीकशी फट होती.

"पुवामुळे एक स्क्रू ढिला झालाय," डॉक्टर म्हणाल्या. "हाड धरतंय, पण पुन्हा घट्ट रबरं लावावी लागतील. तरी फट राहिली तर स्क्रू बदलायला छोटं ऑपरेशन. आत्ताच काही सांगता येणार नाही."

त्यांनी लगेच नवी रबरं लावली. परतताना टॅक्सीत बांधलेल्या दातांमधून ती कशीबशी म्हणाली, "मला भीती वाटते गं." इतक्या दिवसांत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यासमोर तर हसून वेळ मारून नेली होती.

नणंदेने "काही होत नाही" म्हटलं नाही. ती म्हणाली, "मग घाबर ना. मलाही वाटतेच की. उद्यापासून टाचण्या मी लावते, तू नुसतं बोट दाखव."

ती नणंदेच्या खांद्यावर डोकं टेकून बसली. खड्डा आला की दोघी एकदमच अंग आखडून घेत होत्या.