बोलायची परवानगी

वॉशिंग्टनने काय करावं हे आमच्या गावात प्रत्येकाला कळतं. शेजाऱ्याने काय करावं हेही कळतं. स्वतः काय करावं एवढंच कुणाला सुचत नाही, आणि मार्चच्या पहिल्या मंगळवारी ही सगळी मंडळी टाऊन हॉलच्या लाकडी खुर्च्यांवर येऊन बसतात. त्या दिवशी गावसभा असते. व्हरमाँटच्या या डोंगरांत रस्त्याच्या खडीपासून वाचनालयाच्या दिव्यापर्यंत सगळा खर्च गावकरी हात वर करून ठरवतात आणि दुपारी एकत्र जेवतात. जेवण माझ्याकडे असतं. एवढ्या लोकांच्या बीन्स करपू न देता शिजवणारी दुसरी कुणी गावात नाही, आणि असती तरी मी तिला त्या स्वयंपाकघरात पाऊल ठेवू दिलं नसतं.

स्वयंपाकघराला हॉलच्या बाजूने एक रुंद खिडकी आहे. तिच्यातून ताटं बाहेर जातात आणि भाषणं आत येतात. त्या मंगळवारी सकाळपासून ती भाषणं ऐकून माझं डोकं उठलं होतं.

आधी बर्फ सारायच्या पात्याचा विषय निघाला. जुनं पातं मोडलं होतं. नवं विकणारा माणूस शेजारच्या गावचा, म्हणजे आमचा मतदार नव्हे. आमच्या सभेचा जुना नियम असा, की जो मतदार नाही त्याने तोंड उघडायचं नाही. उघडायचंच असेल तर सभेने दोन तृतीयांश मतांनी परवानगी द्यायची. आणि बोलायचं ते उभं राहून, अध्यक्षबाईंकडे बघून. आमच्या अध्यक्षबाई हेस्टर पुटनम, वय ऐंशीच्या पुढे, हातोडा आपटायची भारी हौस. त्यांनी विचारलं, "परवानगी द्यायची का?" सगळा हॉल "हो" म्हणाला. एकही "नाही" ऐकू आला नाही.

"पोलादावर जकात लागलीय," तो विक्रेता म्हणाला. "गेल्या वर्षीच्या भावात आता पातं मिळायचं नाही."

"लागू दे जकात!" माझा धाकटा भाऊ नॉर्मंड उठला. मोठा गोठा चालवणारा गावात आता तो एकटाच उरलाय. "कॅनडावाल्यांनी आपलं दूध घेतलं का कधी? आता भोगा म्हणावं!"

"अरे, भोगतोय कोण? पातं आपण घेतोय ना!" मागून कुणीतरी ओरडलं.

"थोडे दिवस कळ सोसायला काय होतं तुम्हाला?"

"तुझी कळ माझ्या घरपट्टीतून निघते रे बाबा!"

हशा झाला. मग पुलाचा विषय आला. पुरात वाहून गेलेल्या पुलासाठी वॉशिंग्टनहून पैसे यायचे होते, ते अडकले होते. सरकारी उधळपट्टी बंद झाली हे बरंच झालं, असं नॉर्मंड म्हणाला. आमचा पूल मात्र व्हायलाच हवा, असंही म्हणाला. दुधाचा टँकर त्याच पुलावरून जातो ना!

मग विन्स्लो उठला. हा न्यूयॉर्कहून निवृत्त होऊन आलेला प्रोफेसर, टेकडीवर काचेचं घर बांधून राहतो. खिशात हात घालून तो जकातीचा इतिहास सांगायला लागला. तिथून करांवर गेला, करांवरून परदेशी मजुरांवर गेला, आणि हा देश माणुसकीला कसा मुकत चाललाय यावर बराच वेळ थांबला. त्याचं म्हणणं बरोबर असतं, हीच त्याची पंचाईत आहे. ऐकणाऱ्याला चूक असावंसं वाटायला लागतं.

मी खिडकीत उभी राहून काकवी ओतत होते. माझ्याशेजारी इनेस कोबी चिरत होती. हॉलमधलं एकूण एक वाक्य तिला कळत होतं.

इनेसचा नवरा आबेल गेली नऊ वर्षं नॉर्मंडच्या गाईंचं दूध काढायचा. दोघं मेक्सिकोहून आलेली, गोठ्यामागच्या पत्र्याच्या घरात राहायची. आबेल कॅनडाच्या सरहद्दीकडच्या रस्त्याला कधी जायचा नाही, कारण तिथे गस्तीच्या गाड्या उभ्या असतात आणि त्याच्याकडे कागदपत्रं नव्हती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नॉर्मंडला तर होतंच होतं. पण गेल्या महिन्यात दूध काढायच्या यंत्राचा एक भाग बिघडला. तो कॅनडात बनतो आणि सरहद्दीजवळच्या दुकानात मिळतो. नव्या आठवड्यापासून त्यावर जकात बसणार होती. भरसभेत जकातीच्या नावाने टाळ्या पिटणाऱ्या माझ्या भावाने आबेलला सांगितलं, "भाव चढायच्या आत घेऊन ये जा. काही होत नाही." आबेल गेला. दुकानाच्या दारातच त्याला धरलं.

तेव्हापासून तो दूरच्या एका तुरुंगात आहे. त्याची सुनावणी गुरुवारी होती. वकील म्हणाला होता की या माणसाला इथे आपलं म्हणणारं कुणी आहे का, हे न्यायाधीश विचारतील. अख्खं गाव आहे असं सांगता आलं तर कदाचित सोडतील. आणि नॉर्मंडच्या गाईंचं दूध? ते तेव्हापासून इनेस एकटी काढत होती, पहाटे आणि संध्याकाळी. माझ्या भावाचे गुडघे गेलेत. पाठीचा कणाही गेलाय, हे मला त्या दिवशी कळलं.

जेवणाच्या आधीचा शेवटचा विषय म्हणजे "इतर काही". मी हात पुसले, हॉलमध्ये गेले आणि उभी राहिले.

"अध्यक्षबाई, माझा ठराव आहे. आबेल आमचा गावकरी आहे आणि तो आम्हाला परत हवा आहे, असं या गावाने न्यायाधीशांना कळवावं. आणि त्याच्या बायकोला दोन शब्द बोलायला परवानगी द्यावी."

इनेस खिडकीत उभी होती, हातात सुरी तशीच.

"हे गावचं काम आहे का?" पुढच्या रांगेतला एकजण म्हणाला. "आपण रस्ते बघायचे."

"सकाळपासून कॅनडा, वॉशिंग्टन नि मेक्सिको चाललंय तुमचं," मी म्हणाले. "रस्त्यावर कधी आलात?"

"जिनेट, अध्यक्षांकडे बघून बोल," हेस्टरबाई म्हणाल्या. "परवानगी द्यायची का? हात वर करा."

बरेच हात वर गेले. मग त्यांनी विरोधातले हात मागितले, तेही वर गेले, आणि त्यांत एक हात नॉर्मंडचा होता. वर करताना तो जमिनीकडे बघत होता. त्याला कसली भीती वाटत होती ते मला पक्कं ठाऊक होतं. इनेस बोलली असती तर त्या यंत्राच्या भागाची गोष्ट निघाली असती.

"दोन तृतीयांश भरत नाहीत," हेस्टरबाईंनी हातोडा आपटला. "परवानगी नाही. ठरावावर मतदान जेवणानंतर."

पातं विकणाऱ्या परक्याला बोलू दिलं! याच हॉलच्या पायऱ्यांवरचा बर्फ नऊ हिवाळे उपसणाऱ्याच्या बायकोला नाही. स्वयंपाकघरात येऊन मी बीन्सचं झाकण असं आपटलं की बाहेर दोन माणसं दचकली. वाटलं, खिडकी बंद करावी आणि म्हणावं, जा, घरी जाऊन आपापली मतं खा.

इनेसने माझ्या दंडाला धरलं. "जिनेटबाई, जेवणाच्या सुट्टीत सभा चालू असते का?"

"नाही."

"मग मला बोलायला कुणाची परवानगी लागते?"

मी माझा एप्रन काढून तिच्या गळ्यात घातला आणि डाव तिच्या हातात दिला.

रांग लागली. इनेस एकेकाला वाढत होती. ताट भरायची, पुढे करायची, पण सोडायची नाही. समोरच्याने ताट धरलं की ती विचारायची, "तुम्ही आबेलला ओळखता ना?" बाकी काही नाही. माणूस ताट ओढायचा, ती धरून ठेवायची. "हो," तो म्हणायचा. मग ती सोडायची.

"तुमची गाडी खड्ड्यातून त्यानेच काढली होती ना, लोलाबाई?" एवढं मी मागून घातलं एकदा, राहवलं नाही म्हणून. इनेसने माझ्याकडे असं बघितलं की मी पाव कापायला गेले. तिचं बरोबर होतं. उपकार मोजून दाखवले असते तर लोकांनी घासाघीस केली असती. ओळखता का, याला घासाघीस नाही. गावातल्याच माणसाला ओळखत नाही असं म्हणायला तोंड लागतं, आणि त्या दिवशी एकालाही ते झालं नाही.

विन्स्लोने तर तिचा हात हातात घेऊन दाबला, डोळे ओले केले, दोनदा वाढून घेतलं. नॉर्मंड रांगेत आलाच नाही. तो बाहेर ट्रकमध्ये बसून दुकानातलं सँडविच खात होता. माझ्या हातच्या बीन्स त्याने आयुष्यात पहिल्यांदा चुकवल्या.

जेवणानंतर सभा भरली. तोंडी मतदानात "हो" आणि "नाही" सारखेच ऐकू आले, म्हणून हेस्टरबाईंनी हॉल विभागला. आमच्याकडे शंका आली की असंच करतात. हो म्हणणाऱ्यांनी खिडक्यांकडे जायचं, नाही म्हणणाऱ्यांनी शेगडीकडे. त्यात हात अर्धवट वर करायची सोय नसते. अख्खं शरीर उचलून न्यावं लागतं, आणि सगळे बघत असतात.

सकाळी हात वर करून इनेसला नको म्हणणारे कितीतरी खिडक्यांकडे आले. मी मनातल्या मनात प्रत्येकाला क्षमा करत होते, आणि मला ती फार महाग पडत होती. मोजणी झाली. हेस्टरबाईंनी पुन्हा मोजलं. मग त्या चष्म्यावरून हॉलच्या मध्यभागी बघायला लागल्या.

मध्यभागी रिकाम्या खुर्च्यांमध्ये नॉर्मंड एकटा बसला होता.

"नॉर्मंड, कुठल्या बाजूला?"

त्याने हातातली टोपी फिरवली.

"बरोबरी झालीय," हेस्टरबाई म्हणाल्या. "बरोबरीत ठराव पडतो, आणि मी स्वतःला आधीच खिडक्यांच्या बाजूला मोजलंय. उठतोस का?"

माझा भाऊ उठला. इनेसने स्वयंपाकघराच्या चौकटीला धरलं. तो खिडक्यांकडे आला नाही, शेगडीकडेही गेला नाही. टोपी घातली आणि सरळ दाराबाहेर निघून गेला. हातोडा पडला.

मी विन्स्लोला शोधत होते. त्याचं एक मत पुरलं असतं. मग कुणीतरी सांगितलं, तो जेवून लगेच गेला, स्कीइंगला. बर्फ उद्यापर्यंत टिकणार नव्हता म्हणे. आता माणुसकीवरचं पुढचं भाषण त्याने त्या डोंगरालाच ऐकवावं. माझ्या खिडकीतून त्याला यापुढे बीन मिळणार नाही.

संध्याकाळी नॉर्मंडचा ट्रक टाऊन हॉलसमोर येऊन थांबला, रोजच्यासारखा, इनेसला दूध काढायला न्यायला. इंजिन चालू. इनेस त्याच्या समोरून चालत गेली आणि माझ्या गाडीत बसली. मी तिला घरी आणलं, उरलेल्या बीन्स गरम केल्या. ती रडली नाही. मीच रडत होते, आणि तेही रागाने. जेवढ्या शिव्या आईने आम्हाला लहानपणी फ्रेंचमध्ये घातल्या होत्या, तेवढ्या सगळ्या मी बसल्या बसल्या नॉर्मंडला घातल्या.

अंधार पडता पडता फोन वाजला.

"जिनेट, गाई ओरडतायत." मागे त्यांचं हंबरणं ऐकू येत होतं. "इनेसला दे ना फोन. मला तिच्याशी बोलायचंय."

"तू या घरचा मतदार आहेस का?"

"काय?"

"मतदार नसेल त्याला इथे बोलायला परवानगी लागते. थांब, मत घेते." मी फोनवर हात न ठेवताच इनेसकडे वळले. "याला बोलू द्यायचं का? माझं मत 'नाही' आहे."

मला वाटलं तीही नाही म्हणेल. माझा राग माझा होता, आणि मला तो मनसोक्त करायचा होता. पण तुरुंगात नवरा तिचा होता. इनेसने हात वर केला आणि तो तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. दोघींत एक मत म्हणजे दोन तृतीयांश होत नाहीत. शेवटी मीही हात वर केला, जड जड, कोपरापर्यंतच.

"परवानगी आहे," मी फोनमध्ये म्हणाले आणि स्पीकर लावून फोन आम्हा दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला. "उभा राहून बोल."

"जिनेट, मी घरात एकटा आहे. कोण बघतंय?"

"उभा राहा, नॉर्मंड."

मग फोनच्या पलीकडे आमच्या आईच्या स्वयंपाकघरातली ती जुनी खुर्ची फरशीवर सरकली. तिचा आवाज मी कुठेही ओळखेन.

"त्याला मी पाठवलं होतं," नॉर्मंड म्हणाला. "नको म्हणत होता तो. मी पाठवलं."

"हेच गुरुवारी," इनेस म्हणाली. "न्यायाधीशांसमोर. उभं राहून."

"येतो," तो म्हणाला. "आणि गाई?"

इनेसने ताट पुढे ओढलं.

"आज तुमच्या," ती म्हणाली आणि फोन बंद केला.