एफीच्या मजल्याची भट्टी

मी एक जुनी तेलाची भट्टी आहे. मित्रांनो, केप ब्रेटन बेटावरच्या एका दुमजली घराच्या तळघरात माझं सारं आयुष्य गेलं. खाणीत राबणाऱ्या अँगसने मला आणलं, तेव्हा माझा हिरवा रंग नुसता चमकत होता. माझी ऊब दोन्ही मजल्यांना पोचायची. अँगस येताजाता माझ्या अंगावर थाप मारायचा, "शाब्बास!" म्हणायचा. त्याची मुलं, मर्डॉक आणि एफी, आपले ओले हातमोजे माझ्यावर वाळवायची.

अँगस गेला. घर मुलाच्या नावावर झालं आणि एफी खालच्या मजल्यावर भावाची भाडेकरू झाली.

मग सरकारने तेलावर कार्बन कर बसवला, म्हणजे लोकांनी धूर कमी करावा. विजेवर घर गरम करणाऱ्या हीट पंपाला अनुदानही दिलं, म्हणजे तेल सोडून देणं परवडावं. हेतू दोन्ही चांगलेच. पण अनुदान मिळालं घरमालकाला, आणि कर पडला तेल भरणाऱ्या एफीवर. मर्डॉकने फक्त स्वतःच्या मजल्यावर पंप बसवला आणि वर जाणारे माझे पाइप कापून टाकले.

"खालीही बसव ना रे," एफी म्हणाली.

"तेल तू भरतेस. मी कशाला खर्च करू?"

"कराची भरपाई म्हणून सरकार थोडे पैसे पाठवतं, त्यावर कसंबसं निभतंय."

"असं? मग भाडं तेवढंच वाढवतो. घर सुधारलंय आता."

"तुझा मजला सुधारलाय, मर्डॉक!"

"स्वेटर घाल की, बाई! पृथ्वीसाठी एवढंही होत नाही तुझ्याच्यानं?" आणि तो हसला.

एफीने मला अगदी मंद केलं. ती कोट घालूनच जेवायची, कोट घालूनच झोपायची. फेब्रुवारीत तिच्याकडे तेलाला पैसे उरले नाहीत, माझी टाकी कोरडी पडली आणि मी विझले. स्वयंपाकघरातला पाण्याचा पाइप गोठून फुटला. मर्डॉक धावत खाली आला. बहीण गार पाण्यात उभी होती. त्याने आधी लाकडी जमीन तपासली.

"वाट लावलीस घराची. आवर सामान."

"जाऊ कुठे मी?"

"ते मला काय विचारतेस?"

ती गेली. मग त्या मजल्यालाही अनुदानातून पंप बसला. जास्त भाड्याने नवं जोडपं आलं.

"किती उबदार आहे हो!" ते म्हणाले.

"पर्यावरणाची काळजी आपणच घ्यायची, नाही का?" मर्डॉक म्हणाला.

मी आता अंगणात, बर्फात, भंगारवाल्याची वाट बघत पडले आहे. मित्रांनो, माझं जाणं योग्यच आहे. मी फार धूर ओकला. मला विझवाच. फक्त त्याआधी घरात कोण कुडकुडतंय, तेवढं बघा.